कंसातली वजाबाकी

तीन वर्षं मी एकाच गणितात अडकले होते. कृष्णविवरातून किरणोत्सर्ग बाहेर पडतो, त्यामुळे ते लहान होत जातं आणि लहान होईल तसं अधिक तापतं. अगदी शेवटी ते इतकं बारीक होतं की गुरुत्वाकर्षणालाही पुंजभौतिकी, म्हणजे अणूंच्या जगाचे क्वांटम नियम, लावावी लागते. त्यामुळे किरणोत्सर्गात किती फरक पडेल, ते मला काढायचं होतं.

माझ्या उत्तरात मात्र कृष्णविवरात होती त्याहून जास्त ऊर्जा बाहेर पडत होती. घागरीत होतं त्याहून जास्त पाणी सांडावं तसं. दोन महिने चूक सापडेना. शेवटी माझे पीएचडीचे मार्गदर्शक म्हणाले, "कल्पनाच चुकली असेल. विषय बदल."

मिल बंद झाल्यापासून बाबा घरी होते. त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगणार? झालेलं काम निदान नीट टाइप करून ठेवावं म्हणून कागद वहिनीला दिले. ती मुलुंडला एका कारखान्यात टायपिस्ट होती. आमच्या भांडुपच्या खोलीत रविवारी दुपारी ती टाइप करत बसली. समीकरणांसाठी ती जागा सोडायची, मी ती पेनाने भरायचे.

मध्येच तिचा हात थांबला. "गो, माका ह्यातला काय एक कळणा नाय. पण कंसाबाहेर वजा असलो तर आतली दोनय चिन्हां बदलतत ना? तू एकच बदललंस."

"कुठे?"

तिने बोट ठेवलं. मी बघतच राहिले. इतके दिवस त्या ओळीवरून डोळे फिरवत होते आणि आठवीतली चूक दिसली नव्हती.

पुढची बारा पानं पुन्हा सोडवली. दिवेलागणीपर्यंत हिशेब जुळला. शेवटाकडे किरणोत्सर्ग वाढत न जाता मंदावत होता, ऊर्जाही जादा निघत नव्हती. मी पेन ठेवलं आणि एकदम रडायलाच आलं.

"काय झाला गो?" वहिनी घाबरली.

"बरोबर आलं, वहिनी."

"मगे रडतंस कित्याक? जेव आधी."

सकाळपासून पोटात काही नव्हतं, ते तेव्हा कळलं. बांगड्याची कढी आणि भात मी दोनदा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकांनी तासभर एकेक ओळ तपासली. मग चष्मा काढून म्हणाले, "विषय बदलायचं विसर. पुढचं प्रकरण कधी देतेस?"