पाटावरची रायफल

आज दसरा. पूजेआधी रायफलींना तेल लावत होतो आणि त्या वासाबरोबर आईचा अमेरिकेतल्या या नोव्हाय गावच्या घरातला एकमेव दसरा आठवला.

तेव्हा माझ्याकडे एकच रायफल होती, काउबॉयच्या काळातली. अक्रोडाचा गुळगुळीत दस्ता, लिव्हर ओढली की होणारा खट्ट आवाज, सगळं मी कौतुकानं दाखवत होतो. आईनं कुंकवाचं बोट पुढे नेलं आणि ती थांबली.

“हिनं कुणाला मारलंय का रे?”

“आई, अँटीक आहे ती,” मी हसलो.

“म्हणून तर विचारतेय.”

तिनं बोट पुसलं आणि दस्त्यावर झेंडूचं एक फूल ठेवलं. “हे त्याच्यासाठी. जो कोण असेल त्याच्यासाठी.”

आता आई नाही आणि रायफली अकरा झाल्यात. एकीला एक अशी फुलं आणलीत. ती पुरतील का, हे सकाळपासून डोक्यातून जात नाही.