रोजी काकूंचा दुसरा फोटो

कार्तिकी पौर्णिमा, संध्याकाळ, भुईगावचा किनारा. हजर: इनास काका, कॅमेरा आणि तिपाईसह, त्यांच्या पत्नी रोजी काकू, ठेवणीतल्या साडीत, आमच्या उमेळ्याच्या सोसायटीतले पवार, गाडी आणि चहाच्या थर्मासासह, आणि मी. सामान: एक लाकडी खुर्ची, सुतळीचं बंडल, टॉर्च, डासांचं मलम. काम: समुद्रातून वर येणाऱ्या चंद्रासमोर रोजी काकूंचा फोटो काढणे.

इनास काकांचा वसईत फोटो स्टुडिओ होता. मी त्यांना ओळखू लागले तोवर तो बंद झाला होता, पण त्यांची एक सवय अजून लोक सांगत. ते माणसाचा एकच फोटो काढत. गिऱ्हाईक म्हणालं, "अजून एक घ्या ना," की काका दिवा मालवत. "फोटो काढायचा असतो, काढत बसायचं नसतं." समोर बसलेल्याला ते म्हणत, "हनुवटी खाली, गर्व तिच्याही खाली." आणि कोणी आधीच दात दाखवले तर, "हसू नका. हसायचं कधी ते मी सांगतो."

आमच्या सोसायटीत हौशी फोटो काढणाऱ्यांचा गट आहे. तो मी चालवते, म्हणजे बाकीचे फोटो काढतात आणि मी आठवण करून देते. पहिल्या प्रदर्शनाला परीक्षक म्हणून काकांना बोलावलं. त्यांनी सगळे फोटो पाहिले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "छान आहेत. आता यातले काढून टाकायचे कधी?" त्या दिवसापासून मी त्यांच्या घरी जाऊ लागले. ते मला सेक्रेटरीबाई म्हणत. मी सेक्रेटरी नव्हते, पण त्यांनी ठरवलं होतं.

दोघं आमच्यासमोर नीट मराठी बोलत. भांडण लागलं की घरच्या बोलीत शिरत आणि मग आम्हाला काही कळत नसे. एक भांडण मात्र काकू मुद्दाम मराठीत करत. स्टुडिओत मागे लावायला काकांनी एक पडदा रंगवून घेतला होता: समुद्र, दोन माड आणि पाण्यातून नुकता वर आलेला, परातीएवढा चंद्र. वसईतली किती जोडपी त्याच्यासमोर बसून गेली, याचा हिशेब नाही. लग्नानंतर काकूही बसल्या. पुढे काकांनी त्यांचा फोटो कधी काढलाच नाही.

"घरच्या माणसाला काय फोटो? रोज दिसते," काका म्हणत.

"ऐका," काकू चहाचा कप पुढे ठेवत मला सांगत. "अख्ख्या गावाचे फोटो यांनी काढले. माझा एकच. तोही खोट्या चंद्रासमोर."

मग काकांची नजर जाऊ लागली. कडेचं दिसायचं, मधलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, जे गेलं ते परत यायचं नाही, उरलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही. काकांनी मला हे असं सांगितलं: "आता मी लोकांना कानांवरून ओळखतो. तुमचे बरे आहेत." आणि त्याच दमात, "रोजीचा एक फोटो काढायचा आहे. खरा समुद्र, खरा चंद्र. दिसतंय तोवर."

मी लगेच कामाला लागले. जुन्या कॅमेऱ्यासाठी मुंबईहून रोल मागवला, पवारांची गाडी ठरवली, चंद्रोदयाची वेळ पाहिली. चंद्र नेमका कुठून येईल, हेही विचारलं.

"समुद्रातून," काका म्हणाले. "सेक्रेटरीबाई, तुम्ही साताऱ्याच्या. मला समुद्र सांगू नका. लहानपणापासून पहाटेच्या मिस्साला चर्चमध्ये जाताना पाण्यावर चंद्र बघत आलोय."

विषय संपला.

किनाऱ्यावर काकांनी खुर्ची समुद्राकडे पाठ करून मांडली. काकूंच्या नाकापासून कॅमेऱ्यापर्यंत सुतळी ताणली, ती मोजली आणि त्या आकड्यावर भिंग फिरवलं. चेहरा दिसत नसला तरी तो स्पष्ट यायचा तर हाच मार्ग होता. मग ते कॅमेऱ्यामागे उभे राहिले. त्यांच्या पाठीमागे सुरूची झाडं, झाडांमागे गाव. आम्ही सगळे काकूंच्या डोक्यावरून समुद्राकडे पाहत होतो. सूर्य पाण्यात बुडाला.

"आता तिथूनच चंद्र," काका म्हणाले.

"म्हणजे शिफ्ट बदलणार," पवार म्हणाले आणि त्यांनी चहा ओतला.

वाट पाहिली. पाणी काळपट होऊ लागलं. पवारांनी फोन काढून काही पाहिलं, मला दाखवलं आणि हळूच म्हणाले, "ताई, आपला समुद्र पश्चिमेला आहे." तेव्हा मला काय ते कळलं. काकांनी पाहिलेला चंद्र पहाटेचा, मावळणारा. संध्याकाळी ते कधी किनाऱ्यावर आलेच नव्हते; संध्याकाळी स्टुडिओ उघडा असे. हे त्यांना कसं सांगायचं, याचा मी विचार करत होते.

"अहो," काकू म्हणाल्या.

"हलू नकोस."

"अहो, तुमच्या मागे—"

काकूंचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. त्यात टोमणा नव्हता. काकांनाही तो वेगळा वाटला असावा, कारण त्यांनी त्याच क्षणी बटण दाबलं. खट्.

"काढला," ते म्हणाले.

आम्ही वळून पाहिलं. सुरूच्या शेंड्यांवर चंद्र आला होता. काकाही वळले. त्यांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली, मग थांबले.

"रोजी, कसा आहे?"

काकू खुर्चीवरून उठल्या आणि त्यांच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "तुमच्या पडद्यावरच्यापेक्षा लहान," त्या म्हणाल्या. "पण बरा आहे."

पवारांनी सुचवलं, आलोच आहोत तर अजून एक काढू, खुर्ची फिरवून. काकांनी भिंगावर टोपण लावलं.

फोटो धुऊन आला. त्यात चंद्र नाही. मागे समुद्र आहे, पुढे खुर्चीत काकू आहेत आणि त्या कॅमेऱ्याच्या जरा वर बघताहेत, तोंड अर्धवट उघडं. हनुवटी वर आहे. काकांनी तो डोळ्यांच्या कडेला धरून बराच वेळ तुकड्या-तुकड्यांनी पाहिला. "प्रदर्शनात लावा," ते म्हणाले. "खाली नाव काय द्यायचं ते मी सांगतो."

पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, आधीच्या आठवड्यात काका गेले. झोपेत, कोणाला त्रास न देता. नाव सांगायचं राहून गेलं.

प्रदर्शनात फोटो लावला. लोक थांबतात आणि मला विचारतात, "ताई, या बाई काय बघताहेत?" मी सांगते. काकूंना नावाचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "चंद्रोदय लिहा की." मी म्हटलं, काकू, फोटोत चंद्र नाही. त्या म्हणाल्या, "मला दिसत होता ना." पवारांचं मत आहे की 'सौ. रोजी, भुईगाव' एवढं पुरे.

चिठ्ठीवर फोटो काढणाऱ्याचं नाव लिहून झालं आहे, ठिकाणही. वरची ओळ कोरी आहे. ती भरायची आहे.