मामांची सकाळची गोळी

मामा गेल्याचा मामेभावाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात प्रयोगशाळेत होते. पाथर्डीला पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्याला आता सहा आठवडे झाले. मी मेंदू आणि हाताचा कंप यावर पीएच.डी. करते, आणि हा विषय घेतला तो मामांच्या कंपवातामुळेच.

मामा शिंपी. पाथर्डीच्या बाजारात त्यांचं मशीन चाळीस वर्षं चाललं. हात थरथरू लागला तशी आधी काजं सुटली, मग कॉलर, मग दुकानच. मी शिक्षणानं इंजिनिअर. पीएच.डी.साठी मेंदूविज्ञान शिकायचं, हॉस्पिटलात पेशंटजवळ बसायचं आणि रात्री गणितं सोडवायची. एक मार्गदर्शक डॉक्टर, दुसरे इंजिनिअर. दोघांनाही मी कच्चीच वाटायचे. "एक ना धड, भाराभर चिंध्या झालंय माझं," असं म्हणून मी एकदा मामांपाशी रडले. ते म्हणाले, "चिंध्यांचीच गोधडी व्हती, पोरी. फकस्त टाके बारीक घाल."

दुसऱ्या वर्षी मनगटाला बांधायचं यंत्र घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांच्या डॉक्टरांना विचारून बजावलं होतं, सकाळची गोळी नोंद झाल्यावरच घ्या. मामा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. हात जवळजवळ स्थिर... मी चक्रावले. शेवटी मामी आतून म्हणाली, "पहाटं दोन गोळ्या खाल्ल्यात त्यांनी."

मी भडकले. "मामा, मी थरथर मोजायला आलेय. स्थिर हात घेऊन काय करू?" ते खाली बघत म्हणाले, "तुझे सर बघनार ना ते... शिंप्याचा हात हाय. असा दावायचा व्हय?" मला तेव्हा फक्त माझी वाया गेलेली खेप दिसत होती. पंधरा दिवसांनी ते गोळी न घेता बसले, भिंतीकडे तोंड करून. नोंद उत्तम आली. प्रबंधात मामा आता 'रुग्ण क्रमांक सात' आहेत. प्रबंध झाला की त्यांची माफी मागू, असं म्हणत मी वर्षं घालवली. याची मला लाज वाटते.

परवा मामीकडे गेले. तिनं चहा आणला, पेला अर्धाच. गेली कित्येक वर्षं त्या घरात चहा अर्धाच मिळायचा, आणि आम्ही भाचरं तिला चिक्कू म्हणून चिडवायचो. मी म्हटलं, "मामी, आज तरी भरून दे की."

"हातच वळत न्हाई गं," ती म्हणाली. "भरला पेला त्यांच्या हातून सांडायचा. आन् एकट्याचा अर्धा दिसू ने म्हनून समद्यास्नी अर्धाच द्यायला लावायचे..."

मी त्यांचा कंप पाच वर्षं मोजला, समोर बसून तोच अर्धा चहा पीत. तो अर्धा का, हे मी एकदाही विचारलं नाही.