गाडीवाल्याने आणलेलं दूध

पाचव्या महिन्यात आमचं बाळ गेलं, तेव्हापासून वैशाली घरात कुणाशी धड बोलत नव्हती. म्हणून नाशिकला, धरणाच्या काठी वाइन बनवतात त्या द्राक्षबागेत दोन दिवस राहायचं ठरवलं आणि रहाटणीहून भाड्याची गाडी केली.

गाडीवाला पन्नाशीचा, मावळातला होता. बोलणं कमी. निघण्याआधी त्याने आरसा खाली वळवून मागची सीट नीट पाहिली. कासारवाडीपासून तो प्रत्येक खड्ड्यापाशी गाडी अगदी हळू करायचा आणि एकदा मागे वळून बघायचा.

चाकण ओलांडल्यावर तो चहा आणायला उतरला. परत आला तो दोन चहा आणि अर्धा ग्लास कोमट दूध घेऊन.

"दूध कुणाला?" मी विचारलं.

"आत्ता झोपलंय न्हवं ते. उठलं की पाजा, ताई."

आमच्याबद्दल त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं. गाडी बदलू या, असं मी वैशालीच्या कानात म्हणालो. तिने नकारार्थी मान हलवली, ग्लास हातात घेतला आणि खिडकीकडे सरकून आम्हा दोघांच्या मध्ये जागा केली.

त्या माणसाला तिथे काय दिसलं, हे विचारायचं धाडस मला शेवटपर्यंत झालं नाही.

धरणाकाठी पोचल्यावर आम्ही दोघं उतरलो. तो दार उघडं धरून उगाच थोडा वेळ थांबला. मग लावायला गेला, तेव्हा कितीतरी दिवसांनी वैशाली आपणहून बोलली.

"काका, दार हळू लावा."