पाण्यापलीकडची खोली

वरोरला कुणी परगावाहून आलं की दोन प्रश्न ठरलेले. जेवलास का, हा दुसरा. पहिला, कुठं उतरला होतास? उत्तरावरून त्या गावात आपलं कोण आहे ते कळतं. लॉजवर उतरलो म्हटलं की विचारणारा गप्प होतो.

जमुनाकाकू आयुष्यात कधी लॉजवर उतरली नव्हती. सुके बोंबील आणि सुकट घेऊन ती तलासरीच्या आठवडी बाजाराला जायची. परतीची गाडी चुकली तर सुकीच्या ओटीवर झोपायची. सुकी डोंगराकडच्या गावातली, भातशेती करणारी. बाजारात घासाघीस करताना दोघींची भांडणातून ओळख झाली. पुढे सुकीला समुद्र बघायचा असला की ती वरोरला येऊन जमुनाकाकूच्या घरी राहायची. हिशोब असा होता. ज्या गावात माल विकायचा तिथं एक ओटी आपली असली पाहिजे.

चिंचणीच्या बाजारात तर ती डोक्यावर टोपली घेऊन पायीच जायची. रिक्षावाले ओळखीचे होते. थांबायचे. ती म्हणायची, "तू हो पुढं, माझी मासळी नासत नाही तोवर मी पोचते."

तिची मुलगी पूर्वी. नर्सिंग करून, जर्मन शिकून कोलोनला गेली. तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात लागली. पहिल्या वर्षातच तिने आईला पासपोर्ट काढायला लावला. पोलीस चौकशीला आले तेव्हा शेजारची पुष्पा ओरडली होती, "जमुने, काय केलंस गो? सुकटीत वाळू मिसळलीस?"

"तुझ्यासारखी सवय नाय मला," जमुनाकाकू म्हणाली होती. सगळी आळी हसली होती.

मग माघात पूर्वी आजारी पडली. आधी नुसता ताप. मग कळलं की काळजाच्या झडपेला जंतू लागलेत. ऑपरेशन करायचं ठरलं. हॉस्पिटलने पत्र पाठवलं, व्हिसा झाला, तिकीट निघालं. तिच्या नवऱ्याकडे, नारूकाकांकडे, पासपोर्ट नव्हता, म्हणून जमुनाकाकू एकटीच जाणार होती.

राहायची सोय पूर्वीने आधीच बघून ठेवली होती. सुषमा म्हणून बोईसरची एक मुलगी हॉस्पिटलच्या समोरच राहत होती. नवरा इंजिनीअर. पूर्वीची तिथली एवढीच जवळची ओळख. पूर्वी फोनवर धापा टाकत म्हणाली, "आई, तू सुषमाताईकडंच उतर. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझ्या वॉर्डची खिडकी दिसते. तू तिथं आहेस एवढं कळलं तरी मला बरं वाटेल."

"उतरते गो," जमुनाकाकू म्हणाली. "दुसरीकडं कुठं जाणार?"

निघायच्या तीन दिवस आधी सासू गेली. वर्षभर अंथरुणाला होती, सगळ्यांना ठाऊक होतं. नारूकाकांनी अग्नी दिला. ते आता बारावं होईपर्यंत घर सोडणार नव्हते. होडी किनाऱ्यावर ओढली. बाजार बंद, देवाचा दिवा बंद. जाणती माणसं ओट्यावर बसली आणि म्हणाली, पोरीकडे जायला हरकत नाही. पोरगी घरचीच, तिलाही तेच सुतक. पण सुतकात दुसऱ्या कुणाच्या घरात शिरू नको.

हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. जमुनाकाकूने त्याच दुपारी सुषमाला फोन लावला होता. बोलता बोलता पलीकडून मूल रडल्याचा आवाज आला.

"किती दिवसांचं झालं गो बाळ?"

"सव्वा महिना होईल काकू. रात्रभर जागवतो. तुम्ही आलात की तुमच्याकडेच देते, घ्या सांभाळून."

जमुनाकाकू म्हणाली,

"माझी सासू गेली गो. मी नाय येत तुझ्या घरी."

"अहो काकू, इथे सोयर-सुतक कोण बघतं?"

"तुझं बाळ बघतं ना. मढ्याच्या घरातून उठून मी बाळंतिणीच्या खोलीत येऊ? माझ्या हातून नाय व्हायचं ते. बारावं झालं की येते. तेव्हा दे माझ्याकडं, मी जागेन."

सुषमाने खूप समजावलं. नारूकाका म्हणाले, परमुलुखात एवढं धरू नको. जमुनाकाकू म्हणाली, "आपल्या पोरीसाठी दुसऱ्याच्या पोराच्या जिवाशी खेळायचं?"

खोली निलमने शोधली. निलम पूर्वीची शाळेतली मैत्रीण, मराठी घेऊन बी.ए. झालेली, डहाणूला एका दुकानात काम करणारी. ती मोबाईल घेऊन ओट्यावर बसली आणि एकेक फोटो दाखवू लागली. हॉस्पिटलजवळची हॉटेलं भरलेली होती. कसलं तरी मोठं प्रदर्शन होतं शहरात. जी दोन रिकामी होती त्यांचे भाव ऐकून नारूकाका उठून आत गेले. एका वसतिगृहात आठ जणांची खोली होती, बायका-पुरुष एकत्र. शेवटी नदीच्या पलीकडे एक लहानसं गेस्ट हाऊस मिळालं. स्वच्छ होतं. खाली बाईमाणूस होतं. ट्रामने अर्धा तास.

"काकू, लांब पडेल," निलम म्हणाली.

"किती लांब?"

निलमने नकाशा दाखवला. निळ्या पट्ट्याच्या एका अंगाला खोली, दुसऱ्या अंगाला बरंच आत हॉस्पिटल.

"चिंचणीपेक्षा लांब?"

"थोडं जास्त."

"मग काय लांब? घे ती. बारावं होईपर्यंतच तर आहे."

निलमने बोटाने बटण दाबलं.

जमुनाकाकू पोचली तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. पूर्वीच्या तोंडात नळी होती. डोळे मिटलेले. केस विंचरून कुणीतरी एका बाजूला घेतले होते. जमुनाकाकूने ती बाजू बदलली. पूर्वी लहानपणापासून दुसऱ्या बाजूने भांग पाडायची.

ती रोज सकाळी ट्रामने यायची आणि वॉर्डातून बाहेर काढेपर्यंत बसायची. सुषमा दुपारी डबा घेऊन खाली यायची. दाराशी डबा द्यायची, दोघी दोन हात अंतरावर उभ्या राहायच्या. समोरची ती स्वयंपाकघराची खिडकी वॉर्डातून खरंच दिसत होती. तिथं लंगोट वाळत असायचे. संध्याकाळी जमुनाकाकू पूल ओलांडून परत जायची. खोलीत पांढरीशुभ्र गादी होती. ती खाली जमिनीवर चादर टाकून झोपायची. सुतकात गादी चालत नाही.

डॉक्टर म्हणाले, मुलगी सुधारतेय. उद्या नळी काढू. ते सुषमाने समजावून सांगितलं. त्या रात्री जमुनाकाकूने नारूकाकांना फोन करून म्हटलं, "उद्या बोलेल."

सकाळी ती ट्रामच्या थांब्यावर गेली. कुणीच नव्हतं. रूळ रिकामे. ती बराच वेळ उभी राहिली. मग एका म्हाताऱ्याने येऊन हात हलवले, काहीतरी सांगितलं. तेवढ्यात सुषमाचा फोन आला.

"काकू, आज इथे संप आहे, ट्राम नाहीत! आणि ऐका, पूर्वीची नळी काढली. बोलतेय ती. तुम्हाला विचारतेय."

"आले मी."

"थांबा, टॅक्सी पाठवते. आज मिळायला वेळ लागेल, पण तिथंच थांबा."

"थांबून काय करू? चालत येते. रस्ता ठाऊक आहे मला, रोज बघते."

"काकू, खूप लांब आहे. थांबा तुम्ही."

पण जमुनाकाकू निघाली होती. गाडीची वाट बघत उभं राहायला ती कधी शिकलीच नव्हती. टॅक्सी काही वेळाने त्या थांब्यापाशी आली आणि परत गेली.

ती ट्रामच्या रुळांच्या कडेने चालत राहिली. अंगात निलमचा स्वेटर, पायात पूर्वीचे बूट, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला. पुलाच्या जाळीवर कुलुपंच कुलुपं लटकवलेली होती, हजारो, गंजलेली, रंगीत, एकावर एक. तिला वाटलं, नवसाची असतील. खाली नदी भरून वाहत होती. पाणी मातकट होतं, वरोरच्या पावसाळ्यातल्या पाण्यासारखं. तिने चालता चालताच पाण्याला हात जोडले. सुतकात देवाला हात जोडत नाहीत हे तिला दोन पावलांनंतर आठवलं. तिने हात खाली घेतले.

पूल संपल्यावर रूळ जमिनीखाली गेले. ट्राम बोगद्यातून जायची हे तिच्या ध्यानात नव्हतं. वर नुसते रस्ते होते, पाच दिशांना फुटलेले. तिने मोबाईलमधला हॉस्पिटलचा फोटो लोकांना दाखवला. एका बाईने एकीकडे बोट केलं, एका पोराने दुसरीकडे. दोन वेळा ती त्याच चर्चपाशी येऊन उभी राहिली. फोन वाजला. तिने घेतला.

"काकू, कुठे आहात?" सुषमाचा आवाज बदललेला होता.

"देवळापाशी. मोठ्या दोन शिखरांच्या."

"मी पूर्वीपाशी आहे. तुम्ही या. लवकर या."

"बाळ कुणाकडं?"

फोन बंद झाला.

रक्ताची गुठळी अचानक फुप्फुसात गेली, असं नंतर सांगण्यात आलं. कुणाचा दोष नव्हता.

जमुनाकाकू वर पोचली तेव्हा सुषमा वॉर्डाच्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती. बाळ पाजायची वेळ टळून गेली होती. तिचा कुर्ता छातीवर दुधाने भिजला होता. ती पुढे झाली आणि जमुनाकाकूला धरायला तिने हात पसरले.

जमुनाकाकू एक पाऊल मागे सरली.

"तू तिला हात लावलास?"

"शेवटपर्यंत हात धरून होते काकू."

"मग घरी जा. आंघोळ केल्याशिवाय बाळाला घेऊ नको."

हे तिचं पहिलं वाक्य. त्यानंतर ती खाली बसली, जमिनीवर. सुषमा तिच्याशेजारी बसली. एक नर्स पाण्याचे पेले ठेवून गेली. ती पूर्वीबरोबर काम करणारी होती आणि रडत होती.

बऱ्याच वेळाने जमुनाकाकूने विचारलं, "काय म्हणाली?"

"आई कुठं आहे, म्हणाली."

"तू काय सांगितलंस?"

सुषमा समोरच्या खिडकीकडे बघत होती.

"सांगितलं, माझ्याकडेच उतरल्यात. आंघोळ करतायत. आता येतील. तिने खिडकीकडे मान वळवली."

जमुनाकाकूनेही त्या खिडकीकडे बघितलं.

"बरं केलंस," ती म्हणाली.

आता पावसाळा सरलाय. होड्या सुटल्यात. बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातलेत. जमुनाकाकू बाजाराला जाते, भांडते, भाव सोडत नाही. चिंचणीला मात्र आता पायी जात नाही. कोपऱ्यावर उभी राहते आणि रिक्षाची वाट बघते. अर्धा तास लागला तरी उभी राहते.

परवा सुकी आली होती. बातमी तिला उशिरा कळली. डोक्यावरून नाचणीची पिशवी उतरवून ती ओट्यावर बसली, आणि रडून झाल्यावर, माणूस विचारतो तसं तिने विचारलं,

"तिकडं कुठं उतरली होतीस गं?"

निलम तिथंच होती. बोंबील उलटायला मदत करत होती. तिचा हात थांबला.

"सुषमाकडं," जमुनाकाकू म्हणाली. "बोईसरची पोरगी. हॉस्पिटलच्या समोरच घर."

"बरं झालं. आपलं कुणीतरी होतं."

"होतं ना. तिच्या चुलीपाशी उभं राहिलं की पोरीची खिडकी दिसायची." जमुनाकाकूने एक बोंबील दांडीवरून काढला, वाकवून बघितला, परत लटकवला. "मी दिवसभर तिथंच उभी असायची."

निलमने पुढची दांडी उलटायला घेतली.