यहेज्केलची नदी आणि आढावांची बोअर

"आढावसाब, ये पानी है या समंदर? थू! थू!" आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी खन्नाजी ओंजळीतलं पाणी थुंकत ओरडत होते, आणि नव्या बोअरपाशी शमुवेल आढाव चिखलात उभे होते. गुडगावात तेव्हा इमारती आधी उगवत होत्या आणि पाणी मागाहून येणार होतं. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या पत्नीचा, रूथवहिनींचा फोन आला, "आढाव गेले," आणि मला आधी ते थुंकणंच ऐकू आलं...

आढाव मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती, फौजेच्या इंजिनिअर पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आवाज असा, की त्यांनी दिल्लीत हिंदूरावच्या टेकडीवर खोकावं आणि भोंगा समजून मानेसरच्या कारखान्यात पाळी बदलावी. बोअर कुठं घ्यायची यावरून सोसायटीत चार महिने भांडण चाललं होतं. तोवर टँकर. बायका बादल्या घेऊन तीन-तीन जिने चढायच्या, त्यात रूथवहिनीही. शेवटी सभेत आढाव पवित्र शास्त्र घेऊन उभे राहिले.

"यहेज्केल संदेष्टा परक्या मुलखात, नदीकाठी बंदिवासात होता," ते म्हणाले, "आपल्यासारखाच, गाव सुटलेला." त्याला दिसलं ते त्यांनी असं सांगितलं, की पंखासुद्धा हळू फिरायला लागला. मंदिराच्या उंबरठ्याखालून बारीक धार निघते, पूर्वेकडे जाते. दोरी घेतलेला एक पुरुष मोजत पुढं चालतो. पाणी घोट्याइतकं, मग गुडघ्याइतकं, मग कमरेइतकं, मग पोहल्याशिवाय पार होणार नाही इतकं. वाटेत एक ओढा मिळत नाही, तरी वाढतं. आणि खाऱ्या समुद्राला भेटतं तेव्हा समुद्रच गोड होतो. "नदी म्हणजे कृपा. ती आपण खणून काढत नाही, ती येते."

आमच्या आवारात छोटं हनुमान मंदिर होतं, दार पूर्वेला; बोअर त्याच्याच पूर्वेला घेऊ, असं आढावांनी सुचवलं. बायबलात आपल्या मंदिराची सोय झालेली पाहून सगळ्यात आधी खन्नाजींनीच हात वर केला. उंबरठ्यापासून टेप लावून पूर्वेच्या कोपऱ्यात खुंटी ठोकली. तिथल्या मातीवर पांढरं मीठ फुटलं होतं, हे कुणीतरी पुटपुटलं. पण भांडण मिटल्याच्या आनंदात ऐकतो कोण! पाणी लागलं ते असं, की त्याचा चहा करायला जावं तर पनीर व्हावं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आढावांनी स्कूटरला दोन कॅन बांधले. शेजारच्या गावातल्या हातपंपाचं गोड पाणी आणून ते वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांच्या दारात ठेवू लागले. कालव्याची पाइपलाइन येईपर्यंत, सात वर्षं. मी चिडवायचो, "सुभेदार, स्कूटरला आता वल्ही लावा." ते हसायचे नाहीत. मला वाटायचं, बोअर फसल्याची लाज असेल.

शेवटचं भेटलो ते इस्पितळात. तो आवाज उशीपलीकडे पोचत नव्हता. "कुलकर्णी, त्याच अध्यायात पुढं एक ओळ आहे. दलदली आणि डबकी गोड होणार नाहीत, ती मिठालाच सोडलेली. मला पाठ होती. माती बघून कळतही होतं. सभेत मी ती ओळ गाळली."

"अहो, किती वर्षं झाली त्याला!"

"वचनातलं गोड तेवढं वाचतो तो खोटा संदेष्टा. मी गेल्यावर माझ्या प्रार्थनासभेत हे सांगा. सगळ्यांसमोर. मला ते घेऊन जायचं नाही..."

प्रार्थनासभेत मी जन्मात पहिल्यांदा एखादी गोष्ट न फुगवता सांगितली. चर्चचे पाळकसाहेब खाली बघत होते. थकलेले खन्नाजी काठीवर हनुवटी टेकून रडले. रूथवहिनी तेवढ्या ताठ बसल्या होत्या. मेलेल्या माणसाची चूक मी चारचौघांत उघडी केली होती. त्या दुखावल्या असतील या धास्तीनं मी त्यांच्यामागोमाग घरी गेलो. पुढचं लिहू का, हे त्यांना विचारून घेतलं आहे.

"वहिनी, चुकलो असेन तर माफ करा," मी म्हणालो. "पण शेवटपर्यंत त्यांना तेच टोचत होतं. सगळा दोष स्वतःवरच घेतला त्यांनी..."

वहिनींनी चपला काढून भिंतीशी नीट लावल्या.

"ती ओळ वाचलीत तर पुन्हा भांडण लागेल, गाळा, असं मीच म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "मला पाणी हवं होतं."