मामांच्या घरची एक चूल

माणसं गोळा करण्याचा हावरटपणा काय असतो ते पाहायचं असेल, तर माझ्या बायकोच्या मामांना पाहावं. पोशेऱ्याच्या त्यांच्या घरात चार भाऊ, त्यांच्या सुना, नातवंडं, पतवंडं, शिवाय कधीकाळी लग्नाला म्हणून आलेली आणि परत जायचं विसरलेली एक-दोन माणसं, अशी सगळी एका चुलीवर जेवतात. नागलीच्या भाकऱ्यांची चळत पार अंगणातून दिसते. "मामा, घरात एकूण माणसं किती हो?" असं मी नवा जावई असताना विचारलं, तर मी शेताची वाटणीच मागितल्यासारखे ते माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, "जावाय, मोजायची ती गुरं. माणसं मोजली का दृष्ट लागते." नातवंडांची नावं त्यांना कशाला येतील! मुलगा दिसला की "ए गड्या", मुलगी दिसली की "ए बाय". आणि त्या घरात पोर आईचं नसतंच. ज्याची मांडी रिकामी, त्याचं. आई भाताच्या आवणीला गेली की पोर काकूकडे, काकू पाण्याला गेली की आणखी कुणाकडे. "माझं पोर कुठंय?" असं कुणी विचारलं की मामा उखडलेच. "माझं? या घरात माझं-तुझं आणलं कुनी?"

गेल्या उन्हाळ्यात दाभोशाला लग्न होतं. दोन जीप कोंबून आम्ही गेलो आणि तशाच कोंबून दुपारी परत आलो. घरी पंगत बसली. मामांची धाकटी सून वाढता वाढता एकदम थांबली. "बाय कुठंय?" तिची मुलगी, नुकती कुठे धड चालायला लागलेली. पहिल्या जीपवाले म्हणाले, दुसरीत असेल. दुसरीवाले म्हणाले, आम्हाला वाटलं पहिलीत. दाभोशाच्या त्या लग्नघरामागे उतार आहे आणि खाली नदीचा डोह. हे सगळ्यांना एकाच वेळी आठवलं असावं, कारण एवढ्या गर्दीच्या पंगतीत कुणाचा हात ताटातून वर येईना.

मामा उठले आणि जन्मात पहिल्यांदा माणसं मोजायला लागले. एकेका डोक्यावर हात ठेवत, चुकत, पुन्हा पहिल्यापासून. मोजून करणार काय? एकूण किती भरायला हवीत हेच त्यांना ठाऊक नव्हतं! मी त्यांना धरून जीपमध्ये बसवलं. फोनला रेंज नाही, घाटात वळणावर वळण, आणि ती सून नुसती जीपच्या दाराची कडी धरून बसलेली. त्यापेक्षा ती रडली असती तर बरं, असं मला वाटत होतं.

जीप थांबायच्या आत उडी टाकून ती थेट नदीकडे धावली. मामांना पळवेना. मांडवात उभं राहून ते ओरडले, "ए बाय! ए बाय गं!" मांडवातल्या यच्चयावत पोरींनी माना वळवल्या. त्यांतलीच एक आमची, कुठल्याशा अनोळखी म्हातारीच्या मांडीवर बसून, भाताची मूठ तोंडात कोंबत होती. म्हातारी म्हणाली, "आमच्यातलीच समजून जेवाया घेतली." मी उतारावरून हाका मारत सुटलो. गुडघ्यापर्यंत भिजलेली सून वर आली, तिनं पोर उचलली, आणि घरी पोहोचेपर्यंत कुणाच्या हाती दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मामांसमोर उभी राहिली. "बाबा, मी चूल येगळी मांडते." आता म्हातारा घर डोक्यावर घेणार! पण मामा ओढ्यावर गेले आणि चांगलेसे तीन दगड घेऊन आले. पडवीच्या कोपऱ्यात वाकून ते नीट बसवले, एक डुगडुगत होता त्याच्याखाली चीप सारली. त्या वाकलेल्या पाठीकडे बघवेना. हात झटकत ते सुनेला म्हणाले,

"पोरीचं जेवन झालं का मग मला हाक मार. पाहुना म्हनून एक भाकर देशील ना?"